आंब्यातली राणी

मे महिन्याच्या सुट्टीत माझी नात पुण्याहून आली, ती एक जाडजूड इंग्रजी कादंबरी उराशी धरून. पंधरा वर्षांची मुलगी. तीन दिवस पंख्याखाली पालथी पडून तिनं ते पुस्तक वाचलं. जेवायलाही दोन-दोन हाका माराव्या लागत. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी ओसरीवर पेपर चाळत बसलो होतो, तर शेजारी येऊन म्हणाली, "आजोबा, यातल्या सिंड्रेलाला लहान होतो."

"काय, बूट?"

"नाही. पाय."

मी चष्मा काढून ठेवला. या सिंड्रेलाचा एक पाय धातूचा आहे, अकराव्या-बाराव्या वर्षी बसवलेला असावा तेवढा. मुलगी वाढली, पाय वाढला नाही, आणि सावत्र आई नवा पाय विकत घेऊन देत नाही, अशी सगळी हकीकत तिनं एका दमात सांगितली. मला काही ते रुचलं नाही. जुन्या गोष्टींत असली ढवळाढवळ कशाला करावी, त्या आहेत तशाच राहू द्याव्यात, असं मी सुनावून मोकळा झालो. नात एवढंच म्हणाली, "आधी वाचा, मग बोला." सगळी नोकरी बँकेत काढलेल्या माणसाला कागद वाचल्याशिवाय सही करू नये हे कुणी शिकवायला नको. मत देताना मात्र आपण हा नियम पाळत नाही.

वाचली. मरीसा मायर या अमेरिकन लेखिकेची ही 'सिंडर' नावाची कादंबरी २०१२ साली आली. पुढे २०१५ पर्यंत तिचे आणखी तीन मुख्य भाग निघाले. त्यांत लाल टोपीवाली, रॅपुन्झेल आणि हिमगौरी या तिघी अशाच नव्या वेषात येतात. गोष्ट घडते फार पुढच्या काळातल्या 'नव्या बीजिंग' शहरात. सिंडर बाजारात यंत्रदुरुस्तीचं दुकान चालवते. अर्धी माणूस, अर्धी यंत्र. शहरात साथ पसरली आहे आणि औषधाच्या प्रयोगांसाठी सिंडरसारख्यांना पकडून नेलं जातं. कायद्यानं ती सावत्र आईच्या ताब्यातली. तिची कमाई, तिची हत्यारं, तिचा तो पायसुद्धा आईच्या मालकीचा. दोन सावत्र बहिणींपैकी एक मात्र तिच्यावर जीव टाकते, आणि नेमकी तीच साथीत जाते. या जागी मी पुस्तक मिटून थोडा वेळ अंगणात जाऊन आलो. राजवाड्याच्या पायऱ्यांवर जोडा निसटायचा तिथं हिचा पायच निसटतो. चार दिवसांत मी पुस्तक संपवलं आणि नातीला परत करताना माझं पहिलं वाक्य मागं घेतलं.

कारण 'आहे तशी' गोष्ट म्हणजे कुठली? काचेचा जोडा आपल्याला ठाऊक झाला तो पेरो या फ्रेंच लेखकाच्या १६९७ च्या पुस्तकामुळं. जर्मनीतल्या ग्रिम बंधूंच्या सांगण्यात काच नाही आणि परीही नाही. आईच्या थडग्यावर वाढलेलं झाड आहे, आणि जोडा बसावा म्हणून एक बहीण अंगठा तोडते, दुसरी टाच. याच ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या पहिल्या आवृत्तीत हिमगौरीच्या जिवावर उठलेली बाई तिची सख्खी आई होती. पुढच्या आवृत्तीत ती सावत्र झाली. आईनं असं वागणं घरोघरी वाचायच्या पुस्तकात बरं दिसेना, म्हणून घरातली बाई बदलली! आणि या सगळ्यांच्या किती तरी आधी, नवव्या शतकात, चीनमधल्या दुआन चेंगशी नावाच्या लेखकानं ये शिएन या सावत्र मुलीची गोष्ट लिहून ठेवली होती. तिला मदत करतात माशाची हाडं, आणि तिचा जोडा सोन्याचा. म्हणजे अमेरिकन लेखिकेनं सिंड्रेलाला बीजिंगला नेलं, ते एका अर्थी माहेरीच नेलं म्हणायचं.

हे सगळं मला पूर्वीपासून ठाऊक होतं. तरीही नातीवर मी तेच वाक्य फेकलं. त्याचं मूळ शोधत मला चकलांब्यापर्यंत मागं जावं लागलं.

१९८९ साली बँकांनी सेवाक्षेत्र योजना सुरू केली. प्रत्येक ग्रामीण शाखेला पंधरा-वीस गावं वाटून दिली आणि त्या गावांच्या कर्जाची जबाबदारी त्या शाखेवर टाकली. आमच्या शाखेच्या वाट्याला गेवराई तालुक्यातली जी गावं आली त्यांत चकलांबा होतं. मी तेव्हा एकतीस वर्षांचा शेती अधिकारी. पिशवीत कर्जाचे अर्ज, आणि खाली दडवलेली कथांची वही. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमात, ज्याला सगळे आयआरडीपी म्हणत, म्हशी वाटल्या जात. अत्यल्पभूधारकाला तिसरा हिस्सा अनुदान, बाकीचं कर्ज. म्हैस खरोखर दावणीला आहे की कागदावरच चरते आहे, आणि तिच्या कानात विम्याचा बिल्ला आहे की नाही, हे जाऊन बघायचं काम माझं. हसू नका, एकच म्हैस चार गोठ्यांत दाखवणारे लोक मी पाहिले आहेत.

डिसेंबरचे दिवस होते. दिवाळी झाली की या भागातली निम्मी घरं कुलूपबंद होतात. मुकादमाची उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि असे कोयते बैलगाडीनं, ट्रकनं पश्चिम महाराष्ट्राकडं आणि कर्नाटकाकडं ऊस तोडायला निघतात. मागं राहतात म्हातारी माणसं आणि त्यांच्याजवळ ठेवलेली लेकरं. मला बघायची होती ती म्हैस अशाच एका घरामागं होती. पुढच्या वाड्यात घरमालक आणि त्याची दुसरी बायको; मागं पत्र्याच्या खोलीत पहिली बायको, दोन नातवंडं आणि म्हैस. या पहिल्या बायकोला गाव 'जिजी' म्हणायचं. वय साठीच्या पुढं. पहिल्या दोन मुली झाल्या आणि मुलगा व्हायला उशीर झाला म्हणून सवत आली. मग मुलगाही झाला, पण सवत आली ती आलीच. हे तिनं मला धार काढता काढता, म्हशीबद्दलच सांगत असल्यासारखं सांगितलं.

बिल्ल्याचा नंबर उतरवून घेईपर्यंत एसटी गेली. मुक्काम पडला. जिजीनं भाकरी, ठेचा आणि दूध दिलं, आणि रात्री शेकोटीभोवती आजूबाजूची दहा-बारा लेकरं गोळा झाली. सगळ्यांचे आईबाप फडावर. जिजी गोष्ट सांगायला बसली, आणि मी माझी वही काढली.

गोष्ट एका गवळणीच्या लेकीची. तिला लहानपणीच एका राक्षसानं पळवलं. (राक्षस कुठला तर गंगेकाठचा, राक्षसभुवनचा. आमच्याकडं गोदावरीला गंगाच म्हणतात, आणि हे राक्षसभुवन गेवराई तालुक्यातलंच. शाळेच्या पुस्तकात ते १७६३ साली थोरल्या माधवरावांनी निजामाचा पराभव केला म्हणून येतं. जिजीच्या लेकरांना निजामापेक्षा राक्षस जवळचा होता.) राक्षसाचं तुटलेलं नख दारात रुतलं होतं, ते मुलीच्या तळहातात घुसलं आणि ती निपचित पडली. शिकारीला आलेल्या राजानं नख काढलं, मुलगी उठून बसली, राजानं तिला राणी करून नेलं. राजाला आधीची राणी होतीच. थोरलीनं धाकटीला बारवेत ढकललं आणि राजाला सांगितलं, गवळणीचीच लेक ती, गेली पळून. बारवेत एक पिवळंधमक फूल उगवलं. राजा रोज त्या फुलाजवळ जाऊन बसू लागला. थोरलीनं फूल उपटून जाळलं, राख शिवेबाहेर टाकली. राखेतून आंब्याचं झाड आलं. झाडाला एकच फळ लागलं, आणि रस्त्यानं जाणाऱ्या एका म्हाताऱ्या गवळणीच्या चरवीत ते टपकन पडलं. म्हातारीनं घरी नेलं. रात्री आंब्यातून बोटाएवढी मुलगी निघाली, बघता बघता मोठी झाली. ती त्या म्हातारीचीच हरवलेली लेक.

मग एक दिवस राजा उन्हातून जाताना त्यांच्या दारात थांबला. प्यायला मागितलं. मुलीनं वाटीभर दूध आणून दिलं. तळहातावर नखाचा व्रण होता. राजानं तो ओळखला असता. म्हणून तिनं एक मूठ मिटून धरली आणि दुसऱ्या हातानं वाटी पुढं केली. राजा दूध प्याला आणि निघून गेला. मुलगी आईबरोबर दूध घालायला गेली.

जिजी थांबली. लेकरं पेंगायला लागली होती. मी म्हणालो, "जिजी, पुढं? राजाकडं परत कधी गेली?"

"न्हाई गेली."

"असं कसं? राणी होती ती."

जिजीनं शेकोटीतलं लाकूड पुढं सारलं. "सायेब, ती पळून गेली म्हनल्यावर ज्यानं खरं मानलं, बारवंत डोकावून सुदिक बगितलं न्हाई, त्याच्या घरी ती पुना कामून जाईल? आई घावली. म्हैस हाय. दुदाचे पैशे येत्यात."

मी वहीत तेवढंच लिहिलं नाही. म्हातारी शेवट विसरली, असं मी ठरवून टाकलं.

पुढच्या वर्षी एका दिवाळी अंकात ती गोष्ट छापून आली. माझ्या लेखणीतून उतरलेली, भाषा घासूनपुसून लख्ख केलेली. शेवट मी लिहिला. माझ्या गोष्टीत वाटी देताना मुलीची मूठ उघडते, राजाला व्रण दिसतो, त्याच्या डोळ्यांत पाणी येतं, थोरलीला शिक्षा होते आणि गाजावाजा करत धाकटी राजवाड्यात परतते. एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. मी वर एक टीप घातली: मूळ सांगणाऱ्या वृद्धेला कथेचा शेवट आठवत नव्हता, तो प्रस्तुत लेखकानं पूर्ण केला आहे. 'प्रस्तुत लेखक'! मला लेखाबद्दल पंधरा-वीस पत्रं आली, सगळी कौतुकाची.

अंक घेऊन मी चकलांब्याला गेलो. कर्जाचे हप्ते बघायचेच होते. जिजीच्या थोरल्या नातवानं अडखळत, बोट लावून, गोष्ट वाचून दाखवली. टीप वाचू नकोस असं सांगायला मला सुचलं नाही. जिजीनं सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "चांगली हाय. पर ही माझी न्हाई." आणि म्हशीला पाणी दाखवायला उठली. तेवढंच. रागही नव्हता त्यात. नंतर माझी बदली झाली.

आता यातली गंमत म्हणा किंवा माझी शिक्षा म्हणा. पुष्कळ वर्षांनी एका ग्रंथालयात मला 'ओल्ड डेक्कन डेज' हे पुस्तक मिळालं. मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर १८६५-६६ च्या हिवाळ्यात दख्खनच्या दौऱ्यावर निघाले. बरोबर त्यांची मुलगी मेरी आणि तिची आया ॲना लिबराता डिसूझा. तंबूत वेळ जाईना म्हणून मेरीनं तिला गोष्टी सांगायला लावल्या. ॲनाला त्या आजीकडून मिळालेल्या. १८६८ साली लंडनमध्ये पुस्तक निघालं. त्यावर नाव मेरीचं, पण आत ॲनाची कहाणी तिच्या तोंडून दिलेली आहे. सांगणाऱ्या बाईला पुस्तकात जागा देण्याचा हा शहाणपणा गव्हर्नरच्या मुलीला सुचला. मला सव्वाशे वर्षांनंतर सुचला नाही.

त्या पुस्तकात 'सूर्याबाई' नावाची गोष्ट आहे. गवळणीची लेक, राक्षसाचं नख, थोरल्या राणीनं पाण्यात ढकलणं, सोनेरी फूल, जळणं, आंबा, दुधाच्या भांड्यात पडलेलं फळ, सगळं तसंच. आणि शेवट? राजा तिला ओळखतो आणि ती पुन्हा त्याची राणी होते. माझाच शेवट! क्षणभर मला बरंच वाटलं, खोटं कशाला सांगू. पण दुसऱ्यांदा वाचताना टोचलं ते वेगळं. माझा तो सुचलेला शेवट म्हणजे छापील गोष्टींचा नेहमीचा शेवट होता. माझं त्यात काहीच नव्हतं. नवा शेवट सांगितला होता तो जिजीनं. मी शिकलासवरलेला कादंबरीकार, पण तिची नवी गोष्ट मी पुसून पुन्हा जुनी केली होती.

त्याच पुस्तकात आणखी एक गोष्ट आहे, सोदेवाबाईची. तिचा सोन्याचा जोडा डोंगरावरून खाली पडतो, तो एका राजपुत्राला मिळतो, आणि जोड्यावरून शोध घेत तो तिच्याशी लग्न करतो. म्हणजे सिंड्रेलाचा जोडा आपल्या दख्खनच्या गोष्टींतही होता. पण इथं लग्नानं गोष्ट संपत नाही, तिथून खरी सुरू होते. राजपुत्राला आधीची बायको आहे. सोदेवाबाईचा प्राण तिच्या गळ्यातल्या हारात आहे, आणि थोरली तो हार चोरवते. युरोपातली गोष्ट मुलीला सावत्र आईच्या घरातून सोडवते आणि राजवाड्याच्या दारात आणून थांबते. आपल्या बायकांना त्या दाराच्या आत काय असतं हे माहीत होतं. आवडती-नावडती आपल्या कहाण्यांत उगाच आलेल्या नाहीत. जिथं बाईला खरी भीती वाटते, तिथं सांगणारीनं गोष्ट वळवलेली दिसते.

'सिंडर'मधली भीती कसली? अंगावर आपला हक्क नसण्याची. मी कुणाच्या मालकीची, मी पुरती माणूस आहे की नाही, मला बघून लोक काय म्हणतील. हातमोजे घालून ती आपला धातूचा हात झाकत असते, ते वाचताना मला ती मिटलेली मूठ आठवली. नात म्हणाली की वर्गातल्या निम्म्या मुली कशा ना कशासाठी असे हातमोजे घालतात, दिसत नाहीत इतकंच. मी पुढं विचारलं नाही.

कादंबरीवर माझा एक आक्षेप मात्र आहे, आणि तो नातीला मान्य नाही. एवढं सगळं केल्यावर ही यंत्रं दुरुस्त करणारी पोरगी शेवटी निघते कोण, तर चंद्रावरच्या राज्याची हरवलेली राजकन्या! शेवटच्या भागात ती गादी मिळाल्यावर राजेशाहीच मोडायचं ठरवते, हे खरं. तरी लेखिकेला नायिकेच्या अंगात राजरक्त लागलंच. जिजीला ते लागलं नव्हतं. तिची नायिका दूध घालणारीची लेक होती आणि दूध घालणारीच राहिली.

मराठीत या वयाच्या मुलांसाठी अशी पुस्तकं का नाहीत, हा प्रश्न नातीनं विचारला, आणि मी नेहमीचे दाखले दिले. रत्नाकर मतकरींनी 'अलबत्या गलबत्या', 'निम्मा शिम्मा राक्षस' यांत राक्षस आणि चेटकिणींना मराठी रंगमंचावर नांदवलं. 'अलबत्या गलबत्या' २०१८ साली पुन्हा आलं तेव्हा नातीनं ते बघितलंही होतं. "ते लहान मुलांचं," ती म्हणाली. नाथमाधवांची 'वीरधवल' आहे. ती माझ्या वडिलांनी वाचली आणि मीही. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आहे, पण त्याला राक्षसांशी कर्तव्य नाही. बारा ते अठरा हा टप्पा आपण सरळ ओलांडून जातो. बालसाहित्यातून पोरांना उचलून एकदम 'ययाति'वर आणून ठेवतो, आणि मग ती इंग्रजी वाचतात अशी तक्रार करतो. ही तक्रार मीही सभांमधून केलेली आहे; टाळ्याही घेतल्या आहेत. आणि ज्या वयात मुलींना आवडती-नावडतीचा अर्थ कळायला लागतो, त्याच वयात त्या कहाण्या श्रावणातल्या पुस्तिकेत मिटून ठेवलेल्या असतात.

तिचं जायचं ठरलं त्याच्या आदल्या रात्री वीज गेली होती. गच्चीवर अंथरुणं टाकली होती. मी तिला जिजीची गोष्ट सांगितली, मिटलेल्या मुठीसकट, दुधाच्या पैशांसकट. माझ्या शेवटाचं आणि त्या टिपेचंही सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मला वाटलं झोपली.

"आजोबा, ती खरी म्हैस कुणाच्या नावावर होती?"

"जिजीच्या नवऱ्याच्या. सातबारा त्याचा होता, म्हणून कर्जाचे कागदही त्याचेच."

"आणि जिजीची सही?"

"अंगठा. पण तो कुठंच घ्यावा लागला नव्हता."

"कागद तुम्ही केले होते?"

"मीच."

तिनं मोबाईलचा उजेड लावला, उशाशी ठेवलेल्या त्या कादंबरीचं शेवटचं कोरं पान काढलं आणि पेन्सिलीनं काहीतरी लिहून घेतलं. मी वाचायला वाकलो तर पान झाकलं. मग थोड्या वेळानं विचारलं, "बारव म्हणजे विहीरच ना? की वेगळी?"

मी तिला सांगू लागलो, बारवेला पायऱ्या असतात, थेट पाण्यापर्यंत उतरणाऱ्या.